फियाट 1100 डिलाइट, 1970: इंजिन बेसाठी डिग्रीझरची निवड आणि धुलाई

16 नोव्हेंबर 2024, शनिवार

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली गाडी; हेच मॉडेल पुढे पद्मिनी म्हणून रस्त्यावर राहिलं. इंजिन 1089 सीसी, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड. इंजिन खाली न उतरवता बे, म्हणजे बॉनेटखालची इंजिनाची जागा, डिग्रीझरने (तेल-ग्रीसचा मळ सोडवणाऱ्या द्रवाने) साफ करायची आहे. ब्लॉकवरचा इंजिन नंबर चिकट थराखाली गेलाय. पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची तर तो नंबर नीट वाचता आला पाहिजे, कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उठला पाहिजे. शिवाय तेल गळतंय, पण सगळंच काळं असल्यामुळे गळतीचं मूळ सापडत नाही.

आज फक्त पाहणी आणि फोटो. धुतल्यावर गळतीचा माग पुसला जातो, म्हणून आधी टॉर्च तिरकी धरून प्रत्येक जोडाचे फोटो घेतले. ओला, चकाकणारा थर म्हणजे गळती चालू आहे. मातकट, कोरडा थर म्हणजे जुनी. टॅपेट कव्हरचा (हेडवरच्या झाकणाचा) मागचा कोपरा आणि एसी पंपाचा (इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा) पायथा ओले. चेंबरच्या (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या पात्राच्या) पुढच्या बाजूचा थर कोरडा.

मळ एकसारखा नाही, चार तऱ्हेचा आहे. हेडवर ताजं तेल, नुसतं बोटाला लागणारं. ब्लॉकच्या बाजूंना आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) तळाशी तेल-धुळीची खपली, 3 ते 5 मिमी जाड. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ तापून-तापून ऑक्सिडाइज झालेलं तपकिरी तेल, लाखेसारखं कडक. स्टिअरिंग बॉक्सवर आणि कॉलम गिअरच्या सांध्यांवर जुनं ग्रीस. बॅटरीच्या ट्रेवर पांढरट-हिरवे क्षार आहेत, पण तो आम्लाचा मामला. डिग्रीझरशी त्याचा संबंध नाही.

रंग कोणता ते पाहिलं. बॅटरी ट्रेखालच्या, न दिसणाऱ्या जागी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा बोळा दहा सेकंद दाबून धरला. एनसी लॅकर असता तर रंग सरळ बोळ्यावर विरघळून आला असता. टू-के पीयू (दोन घटकांचा पॉलियुरेथेन) असता तर काहीच झालं नसतं. इथे रंग मऊ पडून त्याला सुरकुती आली. म्हणजे एनॅमल, अल्किड. डिग्रीझर कोणता घ्यायचा यातला निम्मा निर्णय या एका बोळ्यावर झाला.

17 नोव्हेंबर, रविवार

बाजारात मिळणाऱ्या द्रवांची छाननी. बाटलीवर पुढे काय छापलंय ते सोडून द्यायचं. कंपनीकडून सेफ्टी डेटा शीट मागवायची आणि दोनच कलमं वाचायची: कलम 3 मध्ये घटक, कलम 9 मध्ये पीएच (द्रव किती आम्ल किंवा अल्कली आहे ते) आणि फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते ते). जी कंपनी शीट देत नाही तिचा माल जुन्या गाडीला लावायचा नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. स्वयंपाकघरातल्या चिमणीचं डिग्रीझर इंजिनाला चालेल, तेल ते तेलच, असं अनेकजण धरून चालतात. चिमणीतलं तेल खाद्यतेल असतं. कॉस्टिक सोडा त्याचा साबण करतो आणि तो पाण्याने निघून जातो. इंजिन ऑइल खनिज तेल आहे, त्याचा कॉस्टिकने साबण होतच नाही. एनॅमलमधलं अल्किड रेझिन मात्र वनस्पती तेलापासून केलेलं, एस्टर बंधांचं. कॉस्टिक ते बंध तोडतं. थोडक्यात, कडक कॉस्टिक द्रव या बेमध्ये मळ सोडून आधी रंग खाईल. पाण्यातल्या अल्कली डिग्रीझरमध्ये खनिज तेल सुटतं ते त्यातल्या सर्फॅक्टंटमुळे (साबणासारख्या घटकामुळे) आणि ब्युटाइल ग्लायकॉलसारख्या सॉल्व्हंटमुळे. म्हणून पीएच जितका जास्त तितका माल भारी, हा हिशेब इथे लागू नाही.

चाचणीसाठी घेतलेले द्रव:

- एमटीओ, म्हणजे रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन. फ्लॅश पॉइंट साधारण 30 ते 40 अंश सेल्सिअस.
- पांढरं रॉकेल. फ्लॅश पॉइंट 35 च्या वर. वास जास्त, मागे तेलकट पापुद्रा ठेवतं.
- चिमणीचं डिग्रीझर, कॉस्टिकवालं. पट्टीवर पीएच 13.
- मेटासिलिकेटवालं इंजिन डिग्रीझर, पीएच 12.
- सौम्य अल्कली क्लीनर, कॉस्टिक नाही, पीएच 10 ते 11. 1:10 प्रमाणात.
- संत्र्याच्या सालीचं, डी-लिमोनीनवालं. फ्लॅश पॉइंट 48 च्या आसपास.

चाचणीलाही घेतले नाहीत असे: पेट्रोल, कारण त्याचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या खाली चाळीसेक अंश आहे आणि बंद शेडमध्ये त्याची वाफ जमिनीलगत पसरून लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. कार्ब क्लीनरचा स्प्रे, कारण त्यातला अ‍ॅसिटोन आणि टोल्युइन एनॅमलला थिनरसारखेच लागतात. तो सुट्या कारब्युरेटरपुरता. क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर, कारण तापलेल्या मॅनिफोल्डवर किंवा ज्योतीजवळ त्यातून हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीनसारखे विषारी वायू निघू शकतात. आणि वॉशिंग सेंटरवर बिनलेबलच्या कॅनमधून मारतात ते 'अ‍ॅसिड'. त्यात काय आहे ते मारणाऱ्यालाही सांगता येत नाही.

23 नोव्हेंबर, शनिवार

पॅच टेस्ट. गाडीवर नाही, भंगारातल्या तुकड्यांवर: जुन्या हेडचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, झिंक प्लेटिंगचा बोल्ट, मोडक्या सोलेक्स कारब्युरेटरचा जस्त मिश्रधातूचा अंश, रेडिएटर होजचा 20 मिमी तुकडा, पीव्हीसी वायरचा वीतभर तुकडा, आणि याच बेमधून काढलेल्या ब्रॅकेटवरचा एनॅमल. प्रत्येक द्रव 20 मिनिटं. रबर आणि वायर 24 तास.

चिमणीचा द्रव: दोन मिनिटांत अ‍ॅल्युमिनियमवर बारीक बुडबुडे. तो हायड्रोजन, धातू विरघळतोय. वीस मिनिटांनी धुतलं तर वर काळपट भुकटी, बोट फिरवलं की बोटाला लागणारी. मिश्रधातूतलं अ‍ॅल्युमिनियम गेलं आणि सिलिकॉन-तांबं मागे राहिलं, तीच ती काळी भुकटी. ब्रशने घासून हा डाग जात नाही. बोल्टचं झिंक राखाडी पडलं, कारब्युरेटरचा तुकडाही. जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम आम्ल आणि अल्कली दोन्हींत विरघळतात, हे या गाडीच्या बाबतीत सतत लक्षात ठेवण्यासारखं. ब्रॅकेटवरचा रंग बोळ्यावर आला. हा द्रव बाद.

मेटासिलिकेटवाला: अ‍ॅल्युमिनियमवर बुडबुडे नाहीत, सिलिकेट धातूवर पातळ संरक्षक थर धरतं. पण वीस मिनिटांत चमक उतरली आणि एनॅमल किंचित मॅट झाला. नुसत्या बिडाच्या ब्लॉकवर चालेल. रंगावर नको.

लिमोनीन: लाखेसारख्या थरावर सगळ्यांत चांगला. रंगही मऊ करतो. बोळ्याला फिकट रंग लागला.

एमटीओ आणि रॉकेल: धातू आणि रंगावर काहीही परिणाम नाही. खपली पाच-सात मिनिटांत ढिली. लाखेसारख्या थरावर मात्र फारसा इलाज चालत नाही.

सौम्य अल्कली: ताजं तेल उत्तम काढतं, खपलीवर वरवर फिरतं. धातू, रंग शाबूत.

24 नोव्हेंबर, रविवार

रबराचे निकाल. एमटीओमध्ये होजचा 20 मिमी तुकडा 23 मिमीच्या वर गेला, रॉकेलमध्ये जवळपास तितकाच, लिमोनीनमध्ये त्याहून जास्त. वायरचं पीव्हीसी आधी मऊ पडलं, वाळल्यावर कडक झालं; वाकवलं तर पांढरी रेघ उमटते. सॉल्व्हंट पीव्हीसीतला प्लास्टिसायझर बाहेर ओढतं. असं हार्नेस (वायरांचा जुडगा) आज दिसायला ठीक असतं आणि सहा महिन्यांनी वाकवल्या जागी तडकतं. अल्कलीमध्ये रबर-वायर दोन्ही जसंच्या तसं.

चोवीस तास बुडवणं ही मुद्दाम घेतलेली कडक परीक्षा. प्रत्यक्षात दहा मिनिटांचा संपर्क असेल. तरी इंजिनाच्या रबरी फाउंडेशनवर (इंजिन ज्यांवर टेकतं त्या रबरांवर) आणि फॅन बेल्टवर एमटीओ साचू द्यायचं नाही, हे ठरलं. ब्रेकचं सगळ्यांत महत्त्वाचं. डॉट 3 ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि त्यातली रबरं खनिज तेलाला तोंड देण्यासाठी केलेली नसतात. ब्रेक ऑइलच्या टाकीत चमचाभर एमटीओ गेलं तरी मास्टर सिलिंडरचा कप फुगू शकतो आणि ब्रेक सुटत नाहीत. मग सगळी रबरं बदलून पूर्ण लाइन धुण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

निर्णय: एकच द्रव सगळीकडे नाही.
खपली आणि ग्रीससाठी एमटीओ. रॉकेलऐवजी एमटीओ, कारण ते उडून जातं, तेलकट पापुद्रा राहत नाही आणि मिळायला सोपं.
हेड, रंगीत पत्रा, टॅपेट कव्हर, सॉल्व्हंटनंतरची धुलाई: सौम्य अल्कली 1:10.
मॅनिफोल्डजवळची लाख: लिमोनीन, फक्त बोळ्याने, फक्त बिडावर.
वायर आणि रबर: त्याच अल्कलीचं 1:20 पाणी, पिळून घेतलेल्या फडक्याने.

इमल्शनवालं तयार सॉल्व्हंट, पाणी मारलं की दुधाळ होणारं, वापरायला सोयीचं असतं. तरी ते टाळलं. साधं एमटीओ रात्रभर डब्यात ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं. एकदा इमल्शन झालं की तेल पाण्यापासून वेगळं होत नाही आणि ते सगळं पाणी गटारात सोडण्याचा मोह होतो. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे.

30 नोव्हेंबर, शनिवार

सकाळी लवकर सुरुवात, शेडचे दोन्ही दरवाजे उघडे. पुण्यात नोव्हेंबरच्या सकाळी एमटीओ फ्लॅश पॉइंटच्या बऱ्यापैकी खाली असतं. एप्रिलच्या दुपारी, पत्र्याखाली, हेच काम करू नये. इंजिन कालपासून बंद, पूर्ण थंड. सीओ2 चा सिलिंडर हाताशी. एबीसी पावडरही आग विझवते, पण नंतर ती पावडर ओल धरून अ‍ॅल्युमिनियम खाते, म्हणून ती दुसऱ्या क्रमांकावर.

बॅटरी काढली, निगेटिव्ह आधी. ट्रेवर खाण्याचा सोडा, अर्ध्या लिटर पाण्यात दोन चमचे. फेस येणं थांबेपर्यंत, मग पाण्याने. एअर क्लीनर काढून कारब्युरेटरच्या तोंडात कापड कोंबलं, वर प्लास्टिक, वर रबर बँड. डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर), कॉइल, कटआउट (चार्जिंगचा रेग्युलेटर), डायनॅमो आणि सेल्फ वेगवेगळ्या पिशव्यांत. डायनॅमोची पिशवी खालून उघडी ठेवली, म्हणजे आत ओल कोंडत नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण घट्ट करून त्यावर प्लास्टिक आणि टेप. ब्रीदर (इंजिनाच्या आतली हवा सोडणारी वाट) आणि डिपस्टिकची नळी बंद. खाली जाड प्लास्टिक, त्यावर ट्रे, ट्रेभोवती लाकडाचा भुसा 2 किलो. हातात नायट्रिलचे मोजे. साधे लेटेक्सचे एमटीओमध्ये फुगून फाटतात.

मग कोरडं खरवडणं. बांबूची कामटी, टोकाला चपटी तासलेली. लोखंडी पट्टी रंग ओरबाडते आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जोडाच्या कडेला चर पाडते. पुढे त्याच चरातून तेल झिरपतं. कामटीने ब्लॉकच्या बाजूची खपली पोळीसारखी सुटून येते. हे काम नेटाने केलं तर रसायन निम्म्याहून कमी लागतं. बहुतेकजण इथेच घाई करतात, वर लिटरभर द्रव ओततात आणि मळ पातळ होऊन खाली जिथे ब्रश पोचत नाही तिथे जाऊन बसतो.

बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) खिडकीशी करडी, कोरडी धूळ होती. त्या काळच्या क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, म्हणून हवा मारली नाही. पाण्याच्या स्प्रेने भिजवून ओल्या फडक्याने उचललं, फडकं पिशवीत बांधून वेगळं ठेवलं.

एमटीओ ब्रशने लावलं, स्प्रेने नाही. तुषारात पेट घेण्याचा धोका द्रवापेक्षा जास्त. 25 मिमीचा नायलॉन ब्रश, आत जायला बाटलीचा ब्रश, बोल्टच्या कडांना टूथब्रश. एका वेळी वीतभर जागा, खालून वर लावत जायचं, सात मिनिटं थांबायचं, पुन्हा ब्रश, मग फडक्याने टिपायचं. वरून सुरुवात केली तर मळलेला ओघळ कोरड्या भागावर सुकून रेघा धरतो. स्टिअरिंग बॉक्सच्या सीलजवळ ब्रश जवळजवळ कोरडा. एमटीओ एकूण 3 लिटर लागलं. लिमोनीन मॅनिफोल्डच्या बोल्टांभोवती 50 मिली, लगेच पुसून.

इंजिन नंबराच्या पट्टीवर काळजी जास्त. एमटीओचा बोळा पाच मिनिटं नुसता ठेवला, मग टूथब्रश अक्षरांच्या दिशेने. तारेचा ब्रश नाही, एमरी नाही. नंबरावर ओरखडे दिसले की तपासणारा छेडछाडीची शंका घेणारच. अंक पूर्ण उघडे झाले, कडा तीक्ष्ण. कागद-पेन्सिलने ठसा घेतला, स्वच्छ उठला.

तेलकट फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. वापरलेलं एमटीओ बरणीत, शेडबाहेर सावलीत.

1 डिसेंबर, रविवार

काल एमटीओ उडून जायला रात्र दिली. सॉल्व्हंट ओलं असताना वरून अल्कली मारली तर दोन्ही मिळून चिखलासारखा लगदा होतो आणि तो निघत नाही.

250 मिली अल्कली 2.5 लिटर कोमट पाण्यात, हाताच्या स्प्रेने. पाच मिनिटं, ब्रश, धुणं. कुठेही वाळू दिलं नाही. अल्कली वाळली की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरे ओघळ राहतात. गरम इंजिनावर हे द्रव मारायला सांगतात, त्यातला तोटा नेमका हाच. हात सहज ठेवता येईल इतकं कोमट चालतं, त्याहून गरम नको.

धुवायला बागेचा 5 लिटरचा दाबाचा पंप, दाब 2 ते 3 बार, एकूण 12 लिटर पाणी. प्रेशर वॉशर नाही. शंभर बारचं पाणी वॉटर पंपाच्या सीलमधून बेअरिंगमध्ये, वायरच्या जोडांत आणि पिशवीतूनही डेल्कोत शिरतं. कॉर्कच्या पॅकिंगच्या कडेवर तो झोत लागला तर पॅकिंग कुरतडलं जातं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, म्हणून शेवटचं लिटरभर पाणी आरओचं, फक्त हेड आणि टॅपेट कव्हरवर.

हार्नेस फडक्याने पुसताना दोन जागी वायरचं कव्हर उघडं सापडलं, दोन्ही क्लिपखाली. टेप नाही, तुकडा बदलून सोल्डर करायचा, नोंद केली.

वाळवणं: कॉम्प्रेसर 2 बार, पाण्याचा सापळा बसवून, नळी हातभर लांब. प्लगच्या खळग्यांत पाणी थांबतं. प्लग काढण्याआधी तिथे हवा मारायची, नाहीतर पाणी आणि कचरा सरळ सिलिंडरमध्ये. पिशव्या काढून दुपारपर्यंत बॉनेट उघडं.

बिडाचा ब्लॉक अर्ध्या तासात तांबूस दिसायला लागला. इतकी वर्षं त्या तेलकट थरानेच त्याला गंजापासून राखलं होतं. रंग लगेच द्यायचा नसेल तर वाळल्यावाळल्या पातळ मशीन ऑइलचं फडकं फिरवायचं. इथे पुढे इंजिन एनॅमल द्यायचा आहे. तेव्हा आज तेल, आणि रंगाच्या दिवशी पुन्हा एमटीओने पुसणं.

2 डिसेंबर, सोमवार

बरणीत गाळ बसलाय. वरचं एमटीओ दुपदरी सुती कापडातून गाळून साधारण 2 लिटर परत मिळालं. सुटे भाग धुवायला ठेवलं, पण बरणीवर 'वापरलेलं' असं लिहून. गाळ, भुसा आणि टिपून घेतलेलं धुलाईचं पाणी कॅनमध्ये. वापरलेलं तेल घेणाऱ्या परवानाधारक रिसायकलरकडे जाईल.

7 डिसेंबर, शनिवार

बॅटरी जोडण्याआधी डेल्कोचं झाकण उघडून पाहिलं: कोरडं. कारब्युरेटरमधलं कापड काढलं. इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू झालं. मॅनिफोल्डवरून दोन-तीन मिनिटं पांढरट धूर आणि संत्र्याचा वास. ते उरलेलं लिमोनीन आणि ओल. तो जाईपर्यंत बॉनेट उघडं, सीओ2 चा सिलिंडर शेजारी.

इंजिन थांबवून टॅपेट कव्हरचा जोड, एसी पंपाचा पायथा, पुढचं सील आणि बेल हाउसिंगची खालची कड यांवर टाल्कम पावडर मारली. पुन्हा पंधरा मिनिटं चालवलं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून पावडरवर बोटभर काळा ओघळ आला. तिथे कॉर्क जास्त आवळल्यामुळे बाहेर दबून आलाय. एसी पंपाखाली पावडर भिजलेली, पण कड स्पष्ट नाही. पुढचं सील आणि बेल हाउसिंग पांढरं, कोरडं.

पुढचं काम: टॅपेट कव्हरची कड सपाट पट्टीवर तपासणे, वाकली असल्यास लाकडी ठोकळ्यावर सरळ करणे, नवं कॉर्क पॅकिंग कोरडं बसवणे. एसी पंप काढून पायथ्याचं पॅकिंग बदलणे, मग पुन्हा पावडर.